जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क : निवड, नक्कल आणि जपणूक

आजचा विषय अगदी घरगुती आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप घरात आहे, तो चालू होतो, पण चालू व्हायला चहा उकळून गार होईल एवढा वेळ घेतो. तो भंगारात द्यायचा, की त्याची आतली हार्ड डिस्क बदलून अजून चार वर्षं वापरायचा? आणि बदलायची तर आतला माल न गमावता कशी बदलायची?

हा विषय आत्ताच का घेतला, तेही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी प्रोसेसर ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. त्यामुळे आपल्या गावागावांतले कितीतरी लॅपटॉप चांगले चालत असूनही एकाएकी 'जुने' ठरले. येडगाव, नारायणगाव, खोडद, या आपल्या पट्ट्यात असा लॅपटॉप म्हणजे नुसतं यंत्र नसतं. त्यात पतसंस्थेचा हिशेब असतो, शाळेचे निकाल असतात, द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी असतात, सातबाऱ्याची स्कॅन असतात, लग्नाचे फोटो असतात. म्हणून आज आपण दोन गोष्टी एकत्र बघणार आहोत. यंत्राचा वेग कसा वाढवायचा, आणि त्या भरात आतला माल कसा जाऊ द्यायचा नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, हे आधीच सांगून ठेवतो.

लॅपटॉप हळू का होतो?

पुष्कळांना वाटतं, डिस्क भरली म्हणून लॅपटॉप हळू झाला. ते अर्धंच खरं. किती साठतं आणि किती वेगाने बाहेर येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे येडगावच्या माणसाला वेगळं समजवायला नको. कुकडी प्रकल्पात डिंभे आणि माणिकडोह ही धरणं येडगावपेक्षा कितीतरी मोठी. पण कुकडीचा डावा कालवा निघतो येडगावातून. वरच्या धरणांचं पाणी येडगावात येतं आणि इथून ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. शेतकऱ्याला पाणी वेळेवर मिळतं की नाही, हे धरणात किती आहे एवढ्यावर ठरत नाही. ते दारातून किती सुटतं आणि वाटेत किती अडतं, यावरही ठरतं.

आता हार्ड डिस्कच्या आत काय चालतं ते पाहू. जुन्या लॅपटॉपमधल्या डिस्कमध्ये चकत्या असतात आणि त्या बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे मारतात. म्हणजे सेकंदाला ९० फेरे. एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी ते टोक योग्य पट्ट्यावर सरकवायला साधारण १२ मिलिसेकंद जातात. बेरीज केली तर एका ठिकाणचा एक तुकडा उचलायला सतरा-अठरा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम ५५-६० तुकडे.

मोठी एकसलग फाईल वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, तिथे फार तक्रार नाही. पण लॅपटॉप सुरू होताना एकसलग काहीच नसतं. हजारो बारीक फायली डिस्कभर विखुरलेल्या असतात. समजा, सुरू होताना अशा ६००० ठिकाणांहून तुकडे उचलायचे आहेत. ६००० गुणिले १७ मिलिसेकंद, म्हणजे शंभर सेकंदांहून जास्त वेळ नुसता धावाधावीत गेला.

आपल्याकडे दारं धरायला एकच माणूस असला की काय होतं? एक वाफा भरला की दार मोडायचं, दुसरं धरायचं, मग तिसरं. पाणी भरपूर असतं, पण माणूस एकच आणि शेत लांबलचक. हार्ड डिस्कचं वाचणारं टोक म्हणजे तो दारं धरणारा गडी. एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राईव्ह, ही ठिबकसारखी आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, सरकणारं काही नाही. चिपमधल्या कुठल्याही कप्प्यापर्यंत पोचायला साधारण ०.१ मिलिसेकंद. तेच ६००० तुकडे एका सेकंदाच्या आत हाती येतात. लॅपटॉप एका सेकंदात सुरू होत नाही, कारण बाकीची कामंही असतात. पण तीन मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

आधी निदान, मग खरेदी

खरेदीला धावण्याआधी दुखणं डिस्कचंच आहे ना, ते बघा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा. लॅपटॉप अडकतो त्या वेळी 'डिस्क'चा रकाना १०० टक्क्यांवर चिकटून बसत असेल आणि प्रोसेसर मात्र निवांत असेल, तर रोग डिस्कचा. त्याच वेळी 'मेमरी'चा रकानाही नव्वदीच्या पुढे असेल तर रॅम कमी पडते आहे. रॅम संपली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरायला लागतं आणि सगळं आणखी रखडतं. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपला डिस्कबरोबर आणखी ४ जीबी रॅम घातली, तर फरक दुप्पट जाणवतो.

तिसरी तपासणी डिस्कच्या तब्येतीची. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर ती वही वाचून दाखवतं. त्यात दोन ओळी पाहायच्या: खराब होऊन बदललेले सेक्टर किती, आणि निकालाची वाट बघणारे संशयित सेक्टर किती. हे आकडे शून्य नसतील आणि आठवड्याभरात वाढत असतील, तर डिस्क निघण्याच्या तयारीत आहे. मग प्रश्न वेगाचा राहत नाही, माल वाचवण्याचा होतो.

डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून 'बघू, आता होतोय का' असं करू नका. दुरुस्तीची सॉफ्टवेअरंही त्या डिस्कवर चालवू नका, कारण ती डिस्कला आणखी पळवतात आणि वर लिहितातही. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगेल, तोही करू नका. आत बाष्प धरतं आणि उरलीसुरली आशा जाते. माल मोलाचा असेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच जा.

कुठे खर्च करू नये

काही लॅपटॉपना डिस्क बदलून उपयोग नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. पहिला प्रकार, स्वस्तातले छोटे लॅपटॉप. त्यांत ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण थेट बोर्डावर डाखलेली असते. ती निघत नाही. दुसरा, ज्यात २ जीबीच्या वर रॅम चढतच नाही असे फार जुने. तिसरा, ज्याची बॅटरी फुगली आहे असा. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही, अशी लक्षणं दिसली तर आधी बॅटरीचं बघा. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. अशा लॅपटॉपला घरी हात लावू नका.

कोणती डिस्क घ्यायची?

इथे दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. साधारण २००८ ते २०१६ च्या दरम्यानच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. तुमची तीच असेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची. जोडणी तीच, भोकं तीच. त्याहून जुन्यांत बारीक पिनांच्या दोन रांगांची आयडीई जोडणी असते. त्यांच्यासाठी आता खर्च करू नये.

साटाच्याही पिढ्या आहेत. पहिलीचा वेग सेकंदाला १५० एमबी, दुसरीचा ३००, तिसरीचा ६००. आजची एसएसडी तिसऱ्या पिढीची असते, पण दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपलाही ती चालते, फक्त त्या लॅपटॉपच्या वेगाने. लोक विचारतात, मग अर्धा वेग वाया गेला ना? नाही. तुकडे उचलायचा वेळ तोच राहतो, आणि रोजच्या वापरात जाणवतो तो तोच. त्यामुळे जुन्या लॅपटॉपसाठी सर्वात महागडी, सर्वात वेगवान एसएसडी घेण्यात अर्थ नाही.

जाडी बघा. जुन्या हार्ड डिस्क बहुधा साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या, एसएसडी सात मिलिमीटरच्या. खाचेत ती ढिली बसते. त्यासाठी प्लॅस्टिकची एक चौकट मिळते, काही डिस्कसोबत ती येतेच. नसेल तर जुन्या डिस्कची धातूची पट्टी काढून एसएसडीला लावली आणि स्क्रू आवळले की पुष्कळ लॅपटॉपांत तेवढं पुरतं.

एम.टू नावाची चिंचोळी, उघडी पट्टीसारखी डिस्कही मिळते. ती दिसायला एकच, पण आतून दोन जातींची: एक साटा बोलते, दुसरी एनव्हीएमई. खाच जुळते म्हणून डिस्क चालेलच असं नाही. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत मॉडेल नंबर टाकून बघा, नाहीतर जुनी डिस्क काढून सोबत न्या. दुकानदाराला जुना नग दाखवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

मापाबद्दल एक गणित. २५० जीबीची डिस्क लावली की विंडोज २३२ जीबी दाखवतं, ५०० ची ४६५. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. मात्र खरी फसवणूकही बाजारात आहे. अनोळखी नावाची, १ किंवा २ टीबी लिहिलेली, अविश्वसनीय स्वस्त डिस्क मिळाली, तर आत बारकी चिप आणि वर खोटं लेबल असू शकतं. ती भरत गेली की जुन्या फायलींवर नव्या लिहिते. म्हणून पावती आणि वॉरंटी असलेली डिस्क घ्या, आणि घेतल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू सारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती एकदा पूर्ण भरून तपासा.

'एसएसडी लवकर झिजते' अशीही एक भीती आहे. एसएसडीवर किती लिहिता येईल, याची हमी कंपनी देते. २५० जीबीच्या साध्या डिस्कला १०० टीबी किंवा त्याहून जास्त. तुम्ही रोज २० जीबी लिहिलं, आणि घरगुती वापरात एवढं होत नाही, तरी वर्षाला ७.३ टीबी होतं. १०० टीबी संपायला तेरा वर्षं. तोवर लॅपटॉपच राहणार नाही.

माल आधी बाहेर काढा

आता या व्याख्यानातला सर्वात महत्त्वाचा भाग. डिस्कला हात लावण्याआधी मालाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. नक्कल यशस्वी होणारच आहे, असं गृहीत धरू नका. फोटो, कागदपत्रं, डाउनलोड हे फोल्डर सगळ्यांना आठवतात. पण आपल्याकडे काही गोष्टी हमखास राहून जातात.

पहिली गोष्ट, मराठी फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे श्री-लिपी, कृतिदेव, सी-डॅकचं आयएसएम यांवर वर्षानुवर्षं काम झालं. लग्नपत्रिका, संस्थेची इतिवृत्तं, प्रश्नपत्रिका, अहवाल, सगळं त्यात. या फायलींमध्ये खरं तर मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, आणि फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉन्ट गेला की 'वार्षिक सर्वसाधारण सभा' च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाईल शाबूत असते, पण वाचता येत नाही. डिस्क बदलून विंडोज नव्याने टाकलं, फायली आणल्या आणि फॉन्ट आणले नाहीत, तर वीस वर्षांचं दप्तर असून नसल्यासारखं. म्हणून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले मराठी फॉन्ट आधी बाजूला काढा. त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी, चावी, नोंदणीचा कागद शोधून ठेवा. आणि महत्त्वाच्या फायली या निमित्ताने युनिकोडमध्ये बदलून घ्या, निदान त्यांच्या पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्टचा आकार सोबत बांधला जातो.

दुसरी गोष्ट, हिशेब. टॅलीचा डेटा 'डॉक्युमेंट्स'मध्ये असेलच असं नाही. सॉफ्टवेअर उघडून डेटाचा मार्ग बघा, टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. विंडोज नव्याने टाकणार असाल तर लायसन्स आधी सरेंडर करा.

तिसरी, डिजिटल सही. सही यूएसबी टोकनमध्ये असते, ती डिस्कबरोबर जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. ई-निविदेची शेवटची तारीख उद्या आणि डिस्क आज बदलली, असं करू नका.

चौथी, बिटलॉकर. काही लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते. सेटिंगमध्ये बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि नक्कल करण्याआधी कुलूप काढा.

पाचवी, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. नव्याने विंडोज टाकलं की ते जातात.

नक्कल की नवी सुरुवात?

डिस्क बदलायचे दोन मार्ग आहेत. एक, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर घ्यायची, ज्याला क्लोन म्हणतात. दुसरा, नव्या डिस्कवर नव्याने प्रणाली टाकायची आणि फक्त माल आणायचा.

क्लोनमध्ये सगळी सॉफ्टवेअरं, फॉन्ट, लायसन्स जागच्या जागी राहतात. पतसंस्था, डीटीपीचं दुकान, शाळेचं कार्यालय यांच्यासाठी हा मार्ग बरा. पण जुनी घाण, व्हायरस असतील तर तेही नव्यावर येतात. नवी सुरुवात स्वच्छ असते, विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला ती योग्य. डिस्क मरायला टेकली असेल तर क्लोनच्या नादाला लागू नका. लॅपटॉप सुरू होत असेल तर आधी सर्वात मोलाच्या फायली काढा. अडखळणाऱ्या डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे अवजार आहे. ते आधी चांगला भाग उचलतं, बिघडलेल्या भागाकडे नंतर वळतं. मात्र ते टक-टक वाजणाऱ्या डिस्कसाठी नाही.

क्लोनसाठी साटा ते यूएसबी अशी केबल किंवा खोका लागतो. अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. काही कंपन्या आपल्या एसएसडीसोबत क्लोनचं सॉफ्टवेअर मोफत देतात, आणि जुनी डिस्क ५०० जीबीची असली तरी आत १८० जीबीच माल असेल तर ती २५० च्या डिस्कवर बसवतात. क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअरही उत्तम आहे, पण ते सहसा नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी मागतं. आणि त्यात 'कुठून' आणि 'कुठे' हे तीन वेळा वाचून मगच होय म्हणा. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होईल.

वेळेचं गणित करा. जुन्या लॅपटॉपचं यूएसबी २.० असेल तर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास जातात. २०० जीबीला दीड तासाहून जास्त. चार्जर लावून ठेवा, लॅपटॉप झोपी जाणार नाही असं सेटिंग करा, आणि लाईट जायची वेळ माहीत असेल तर ती टाळूनच सुरू करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही तग धरत नाही, हे विसरू नका.

प्रत्यक्ष बदल

अवजारं कमी लागतात. फुलीच्या टोकाचा बारीक डिसमिस, प्लॅस्टिकची पट्टी, आणि स्क्रू ठेवायला वाट्या. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात. कुठला कुठून काढला, ते कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर बोर्डाला भोक पडू शकतं.

लॅपटॉप पूर्ण बंद करा. झोपवणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. चार्जर काढा. बॅटरी निघणारी असेल तर काढा, आतली असेल तर झाकण उघडल्यावर आधी तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते. कोरड्या थंडीत अंगावर स्थिर वीज साठते. लोकरी स्वेटर घालून हे काम करू नका, आणि सुरुवातीला नळाच्या किंवा ग्रिलच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा.

पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत खाली डिस्कसाठी वेगळं छोटं झाकण असतं. दोन स्क्रू काढले की डिस्क समोर. ती आडवी सरकवून जोडणीतून सोडवायची, वर उपटायची नाही. नवी डिस्क तशीच सरकवून बसवायची. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय असं समजा.

क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क यूएसबीला जोडलेली ठेवू नका. दोन्ही डिस्कची ओळख एकच असते आणि विंडोज गोंधळतं. बायॉसमध्ये नवी डिस्क दिसते का ते बघा. साटाची पद्धत एएचसीआय असेल तर उत्तम. आयडीई असेल आणि तुम्ही क्लोन केलं असेल तर घाईने बदलू नका, निळा पडदा येईल. विंडोजमध्ये आधी तयारी करून मगच ती बदलायची असते. लायसन्सची चिंता मात्र नको. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही.

जुन्या डिस्कचं काय करायचं?

निदान महिनाभर काहीही करायचं नाही. ती कागदात गुंडाळून, तारीख लिहून कपाटात ठेवा. राहिलेला फॉन्ट, विसरलेला फोल्डर त्या महिन्यात आठवतोच. नंतर ती चांगली असेल तर यूएसबीच्या खोक्यात घालून बॅकअपसाठी वापरा.

भंगारवाल्याला देणार असाल तर थांबा. फाईल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारलं तरी माल आतच असतो, पुसली जाते ती फक्त अनुक्रमणिका. तुमच्या आणि तुमच्याकडे झेरॉक्स काढायला आलेल्या शंभर लोकांच्या आधारकार्डांची स्कॅन त्यात असतात. हार्ड डिस्क पूर्ण पुसायची तर तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहावी लागतात. विंडोजचं झटपट नसलेलं, पूर्ण फॉरमॅट हे काम करतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा मेलेली डिस्क आणि फुगलेली बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जायला हवी. ओढ्यात किंवा उकिरड्यावर नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*डिस्क बदलली की विंडोज ११ चालेल का?*

नाही. ते प्रोसेसर आणि टीपीएमवर ठरतं. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अद्ययावतांची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यानंतर आमचा सल्ला लिनक्सचा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत आहे, मराठी युनिकोड त्यात टंकता येतं, आणि एसएसडी व ४ जीबी रॅमवर ब्राउझर, पत्रं, व्हिडिओ, ऑनलाईन तास सगळं चालतं. पण टॅली, श्री-लिपी किंवा काही सरकारी संकेतस्थळांसाठी लागणारे सहीचे टोकन यांवर तुमचं पोट असेल, तर लिनक्सवर जाण्याआधी ते पेनड्राईव्हवरून चालवून बघा. डिस्कला धक्का न लावता बघता येतं.

*सीडी ड्राईव्हच्या जागी जुनी डिस्क बसवता येते म्हणतात?*

येते. त्यासाठी कॅडी नावाची चौकट मिळते, १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाड्यांत. आधी मापून घ्या. एसएसडी मूळ जागी ठेवा, जुनी हार्ड डिस्क कॅडीत घाला. फोटो-व्हिडिओ साठवायला छान सोय होते. पण ती जुनी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉप पडला किंवा चोरीला गेला तर दोन्ही एकदम जातील.

*एसएसडी आली, आता बॅकअपची गरज काय?*

उलट जास्त आहे. हार्ड डिस्क बहुधा आवाज करून, अडखळून इशारा देते. एसएसडी पुष्कळदा न सांगता जाते, आणि तिच्यातून माल परत काढणं जास्त अवघड. मालाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, हा नियम पाळा. घराबाहेर म्हणजे क्लाउडच असं नाही. पुण्यातल्या बहिणीकडे ठेवलेली डिस्कही चालते. आणि एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवू नका, तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. कपाटात ठेवायला जुनी हार्ड डिस्कच बरी, तीही वर्षातून एकदा लावून तपासायची.

*हे घरी करावं की दुकानात द्यावं?*

खालून झाकण उघडत असेल तर घरी जमेल. पूर्ण तळ किंवा कीबोर्ड काढावा लागत असेल तर दुकानात द्या. पण बॅकअप मात्र घरूनच घेऊन जा. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी तुमच्या मालाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. आणि काम झाल्यावर जुनी डिस्क मागून घ्या. ती तुमची आहे.

वेळ संपत आली. घरी गेल्यावर आज एवढंच करा: टास्क मॅनेजर बघा, डिस्कची तब्येत बघा, आणि मराठी फॉन्टचं फोल्डर पेनड्राईव्हवर घ्या. नवी डिस्क पुढच्या महिन्यात आणली तरी चालेल.